रिकामी खुर्ची कोणाची?

सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, भर दुपारी साडेबाराला एखादं टेबल रिकामं दिसतं आणि त्यावर मधोमध टिश्यू पेपरचं छोटंसं पाकीट पडलेलं असतं. कधी छत्री असते, कधी ऑफिसचं ओळखपत्र. गरम सूपचा ट्रे सांभाळत माणसं जागा शोधत फिरत असतात, पण त्या टेबलाकडे कोणी वळत नाही. पाकिटाचा मालक पलीकडे चिकन राइसच्या रांगेत उभा आहे, एवढं सगळ्यांना कळलेलं असतं. तिथल्या बोलीत याला 'चोप' करणं म्हणतात. पूर्वेकडच्या बंदरांमध्ये 'चॉप' म्हणजे शिक्का, मोहोर. तो शब्द आपल्याच 'छाप'वरून तिकडे गेला. टेबलावर छाप मारून ठेवली की काम झालं.

हाँगकाँगला हीच वेळ छा छान थेंगमध्ये पाहावी. छा छान थेंग म्हणजे चहा-नाश्त्याचं हॉटेल, आपल्या इराण्याच्या फार जवळचं: काचेखाली मेनू सरकवलेली टेबलं, जाड कप, पाव-लोणी, अंडी आणि कायम घाईत असलेले वेटर. चौघांच्या टेबलावर एकटंच कोणी नूडल्स खात असेल तर उरलेल्या तीन जागा मोकळ्याच धरल्या जातात. वेटर नुसती मानेनं खूण करतो, "डाप थोई", म्हणजे टेबल वाटून घ्या, आणि अनोळखी माणसासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. बसल्यावर नजरानजर नको, नमस्कार-चमत्कार नकोत. तो आपलं खातो, तुम्ही आपलं खा. मागून येणाऱ्या माणसासाठी खुर्ची अडवून धरणं तिथल्या गर्दीच्या वेळेला परवडतच नाही.

या दोन शहरांच्या रोजच्या जगण्यातला फरक मला या दोन टेबलांवर सगळ्यात स्वच्छ दिसतो. सिंगापूरमध्ये जागा आधी ठरते, माणूस मागून येतो. हाँगकाँगमध्ये माणूस आधी येऊन उभा राहतो आणि मग त्याच्यापुरती जागा निघते.

वरवर पाहता दोघं जुळे भाऊ वाटतात. ब्रिटिशांनी १८१९ मध्ये सिंगापूरला पाय रोवले, १८४१ मध्ये हाँगकाँगला. दोन्ही बंदरं, दोन्हीकडे चिनी वंशाच्या लोकांची मोठी बहुसंख्या, गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने, दुमजली बस, चौकोनी तीन पिनांचा ब्रिटिश प्लग. घड्याळही एकच: भारताच्या अडीच तास पुढे. मात्र सिंगापूर पृथ्वीच्या गोलावर बरंच पश्चिमेला आहे, घड्याळ तेवढं पूर्वेचं लावलेलं. त्यामुळे तिथे बारा महिने सकाळी सातच्या सुमाराला उजाडतं आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला मावळतं. शाळेला निघालेली मुलं अंधारात बसस्टॉपवर उभी असतात. हाँगकाँगला जूनमध्ये पावणेसहाच्या आत सूर्य वर आलेला असतो. दोन-दोन दिवस राहून परतलेला प्रवासी दोन्ही शहरं सारखीच म्हणतो, त्यात त्याची चूक नाही. बसणं, पिणं, कपडे वाळत घालणं आणि पावसात अडकणं, एवढं सगळं व्हायला चार-पाच दिवस लागतात.

पिण्यापासून सुरुवात करू, कारण दोन्हीकडे सकाळ त्याशिवाय होत नाही. आणि गंमत म्हणजे दोन्हीकडे मूळ हत्यार एकच: कापडाची लांब पिशवीसारखी गाळणी.

सिंगापूरची 'कोपी' बहुतेक करून रोबस्टा बियांची. बिया साखर आणि मार्गारिन घालून काळ्याभोर भाजतात, म्हणून तिला जळक्या साखरेचा खमंग कडवटपणा येतो. भरड पूड पिशवीत घालून उकळतं पाणी ओततात, लांब चोचीच्या भांड्यातून एकदोनदा वरखाली करतात आणि कपाच्या तळाशी घातलेल्या घट्ट गोड दुधावर सोडतात. मागायची भाषा शिकावी लागते, पण ती गणितासारखी सरळ आहे. नुसतं 'कोपी' म्हटलं की साखर आणि घट्ट गोड दूध दोन्ही येतं. 'कोपी-ओ' म्हणजे दूध नाही, साखर आहे. 'कोपी-सी' म्हणजे आटवलेलं बिनगोड दूध आणि साखर. पुढे 'कोसोंग' जोडलं की साखर गेली, 'सिउ दाय' म्हटलं की कमी झाली, 'गाउ' म्हणजे कडक, 'पेंग' म्हणजे बर्फ घालून. 'कोपी-सी कोसोंग पेंग' असं एका दमात सांगता आलं की काउंटरवरचे काका मान वर न करता हात चालवायला लागतात. नवखा माणूस हमखास एका ठिकाणी चुकतो. 'ओ' म्हणजे कोरी, म्हणून ती बिनसाखरेची असणार, असं तो धरून चालतो आणि पहिल्या घोटाला गोडाने चेहरा वाकडा होतो. साखर नको असेल तर ते वेगळं सांगावं लागतं.

हाँगकाँगचा दुधाचा चहा ही फार मेहनतीची गोष्ट आहे. सिलोनी चहाची जाड पत्ती, बारीक पत्ती आणि भुकटी अशी मिसळ करतात. पत्ती सुगंध देते, भुकटी रंग आणि कडकपणा. प्रत्येक हॉटेलची मिसळ निराळी आणि गुपित. पिशवीतून चहा उंचावरून एका भांड्यातून दुसऱ्यात पुन्हा पुन्हा आपटत ओततात. पत्तीवर धार जोरात पडली पाहिजे, तरच अर्क नीट उतरतो. पुढे चहा मंद आचेवर फार वेळ राहिला तर तुरट होतो, लवकर उतरवला तर दुधापुढे टिकत नाही. आटवलेलं बिनगोड दूध साधारण सात भाग चहाला तीन भाग. रोज चहा मुरून पिशवी इतकी तपकिरी होते की ती बायकांच्या तलम मोज्यासारखी दिसते. 'रेशमी मोज्याचा चहा' हे नाव त्यावरूनच पडलं. २०१७ मध्ये हाँगकाँग सरकारने हे चहा करण्याचं कसब आपल्या अमूर्त वारशाच्या प्रातिनिधिक यादीत घेतलं. गरम चहात साखर आपली आपण घालायची. थंड मागितला तर दोन-तीन डॉलर जास्त पडतात, आणि तो गोड करूनच येतो. कमी गोड हवा तर मागतानाच 'सिउ थिम' म्हणावं. दुपारी दोनपर्यंत ऑफिसवाल्यांची झुंबड असते. अडीचनंतर गेलं तर दुपारच्या चहाचा स्वस्त सेट मिळतो आणि टेबलही क्वचित एकट्याचं. उठताना टेबलावरची बिलाची चिठ्ठी घेऊन दारापाशी पैसे द्यायचे.

सिंगापूरचे हॉकर पूर्वी रस्त्यावरच असत. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांची नोंदणी झाली, मग सत्तर-ऐंशीच्या दशकांत त्यांना नळ, गटार आणि छप्पर असलेल्या मंडयांमध्ये बसवलं. या हॉकर संस्कृतीला २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. जेवण झाल्यावर ट्रे आपण उचलून ठेवायचा, हा सप्टेंबर २०२१ पासून तिथे नियम आहे. ट्रे ठेवायच्या मांडण्या दोन असतात: एक हलाल भांड्यांची, एक बाकीच्यांची. डुकराच्या मांसाची वाटी चुकून हलाल मांडणीवर ठेवणं ही लहान चूक नव्हे, तेव्हा पाटी वाचूनच ठेवावी. दर तिमाहीला साफसफाईसाठी अख्खं सेंटर बंद असतं, आणि अनेक गाळे सोमवारी सुट्टी घेतात. लांबून खास कोणा एकासाठी जायचं असेल तर आधी पाहून जावं. भाजी-मासळीची बाजूही सकाळचीच, बारा-एकपर्यंत ओटे धुऊन झालेले असतात. हाँगकाँगची मंडई संध्याकाळी पुन्हा जिवंत होते. लाल झाकणाच्या दिव्याखाली चिरून ठेवलेल्या माशाचं हृदय धडधडताना दिसतं, आणि घरी परतणाऱ्या बायका ते पाहूनच मासा निवडतात.

घरांची कहाणी दोन्ही शहरांत आगीपासून सुरू होते. २५ डिसेंबर १९५३ च्या रात्री हाँगकाँगच्या शेक किप मेई झोपडपट्टीला आग लागली आणि पन्नास हजारांहून अधिक माणसं उघड्यावर आली. २५ मे १९६१ ला सिंगापूरच्या बुकित हो स्वीला तेच झालं. सुमारे सोळा हजार बेघर. दोन्हीकडे सरकारने तातडीने इमारती उभ्या केल्या. शेक किप मेईच्या पहिल्या इमारती वरून पाहिल्या तर रोमन एच अक्षरासारख्या. एका कुटुंबाला १२० चौरस फूट, नळ आणि संडास मधल्या आडव्या भागात सामायिक. त्यातली मेई हो हाउस ही एक अजून जपलेली आहे. तिथे १२० चौरस फुटात पाच माणसांचा संसार कसा रचला होता ते पाहताना चाळीत वाढलेल्या मराठी माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही.

तिथून वाटा फुटल्या. सिंगापूरने १९६४ पासून सरकारी घर विकत द्यायला सुरुवात केली, १९६८ पासून त्यासाठी भविष्यनिर्वाह निधीचे पैसे वापरू दिले, आणि आज जवळपास पाचातली चार माणसं एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, इमारतींमध्ये राहतात, बहुतेक ९९ वर्षांच्या मालकीहक्काने. इथेही छाप आधी मारलेली. १९८९ पासून प्रत्येक इमारतीत चिनी, मलय आणि भारतीय व इतर यांचं प्रमाण ठरवून दिलेलं आहे. वस्त्या वंशवार तुटू नयेत हा हेतू चांगला आहे आणि तो बराच साधलाही आहे. एकाच मजल्यावर तीन निरनिराळ्या फोडण्यांचे वास येतात. पण इमारतीतलं चिनी लोकांचं प्रमाण भरलं की मलय किंवा भारतीय विक्रेत्याला चिनी गिऱ्हाईक घेता येत नाही, गिऱ्हाईकं कमी होतात आणि भाव पडतो. ही किंमत मोजणारा माणूस बहुतेक वेळा अल्पसंख्याकच असतो, आणि ते मला खटकतं.

हाँगकाँगमध्ये साधारण निम्मी माणसं सरकारी किंवा सरकारी मदतीच्या घरांत आहेत, त्यांतली बरीच भाड्याने. उरलेल्यांसाठी बाजारभाव. २०२१ च्या जनगणनेत दोन लाखांहून अधिक माणसं एका फ्लॅटचे तुकडे पाडून केलेल्या खोल्यांमध्ये राहत होती. काही ठिकाणी चूल आणि संडास यांच्यामध्ये पडदासुद्धा नाही. 'डाप थोई'चा हा दुसरा चेहरा आहे. टेबल वाटून घेणं मला माणुसकीचं वाटतं, पण छप्पर असं वाटून घ्यावं लागणं हा अन्याय आहे.

पत्त्यांची एक खुबी लक्षात ठेवावी. हाँगकाँगला तळमजल्यावर जी आणि त्याच्यावर पहिला मजला, आपल्यासारखंच. सिंगापूरमध्ये #०८-१२३ म्हणजे आठव्या पातळीवरचं १२३ क्रमांकाचं घर, पण मोजणी जमिनीपासून एक अशी होते. आपल्या हिशेबाने तो सातवा मजला. तळाची पातळी मात्र जुन्या एचडीबी इमारतींमध्ये बहुधा मोकळीच असते, नुसते खांब. तिला व्हॉइड डेक म्हणतात. शनिवारी तिथे मलय लग्नाचा मांडव पडतो, मंगळवारी त्याच जागी चिनी कुटुंबाची मयताची बैठक असते, आणि एरवी म्हातारे दगडी पटावर बुद्धिबळ खेळतात. परवानगी आधी काढावी लागते, ते ओघानंच आलं. हाँगकाँगमध्ये तळाची एक वीतही मोकळी सोडलेली नसते. दुकान थेट फुटपाथला चिकटतं.

आता कपडे. जुन्या एचडीबी घरांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर भिंतीत पोकळ नळ्या बसवलेल्या असतात. तीनेक मीटरच्या बांबूवर ओले कपडे ओवायचे, शर्टाच्या बाह्यांतून बांबू घालायचा, चिमटे लावायचे आणि बांबूचं टोक नळीत खोचून तो आडवा बाहेर ठेवायचा. आठ-दहा ओल्या कपड्यांचा बांबू खिडकीतून पेलायला मनगट लागतं. टोक नळीत बसण्याआधी हात सुटला तर बांबू खाली जातो, आणि तो एखाद्याच्या डोक्यावर पडू शकतो. म्हणून आधी जवळचं टोक पक्कं धरून, शरीराचं वजन आत ठेवूनच तो बाहेर काढतात. कपडे मशीनमध्ये नीट पिळून घ्यायचे, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या वाळलेल्या चादरीवर ठिबकतं आणि भांडण होतं. विषुववृत्तापासून दीड अंशाच्या आत असलेल्या या शहरात वादळी सर बरेचदा दुपारीच येते. ज्यांना हे ठाऊक आहे ते सकाळी आठच्या आत बांबू बाहेर काढून एकच्या सुमारास आत घेतात.

हाँगकाँगचा कपड्यांचा शत्रू वेगळा आहे. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात समुद्रावरून उबदार दमट वारा येतो, पण घरांच्या भिंती आणि फरशा अजून हिवाळ्याने गार असतात. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाझर फुटतो, तसा तेव्हा अख्ख्या घराला फुटतो. जिन्यातल्या टाइल्सवरून थेंब ओघळतात, आरसे धुरकट होतात, कातडी बुटांना आठवड्यात बुरशी धरते. नवा माणूस कोंदट वाटतं म्हणून खिडक्या सताड उघडतो आणि सगळं आणखी ओलं होतं, कारण ओलावा बाहेरूनच येतोय. खिडक्या बंद ठेवून हवेतला ओलावा ओढणारं यंत्र लावायचं हा उपाय. लहानशा खोलीतही त्याची टाकी दिवसातून एकदोनदा भरते. कपाटात ओलावा शोषणाऱ्या खड्यांचे डबे ठेवतात. खडे विरघळून डब्यात पाणी साचलं की फेकून नवा ठेवायचा. या दिवसांत खिडकीबाहेरच्या दांडीवर कपडे दोन-दोन दिवस ओले राहतात आणि आंबूस वास धरतात. मग उन्हाळा येतो आणि खिडकीतले एसी फुटपाथवर ठिबकू लागतात. त्या दिवसांत अनुभवी माणूस इमारतीला लागून न चालता थोडा रस्त्याकडे सरकून चालतो.

पावसाचंही असंच. सिंगापूरमध्ये मेट्रो स्टेशनापासून बसस्टॉपपर्यंत आणि तिथून इमारतीपर्यंत छपराच्या वाटा बांधत नेलेल्या आहेत. सर कोसळली तरी माणूस वाट थोडी वाकडी करून कोरडा घरी पोचतो. किंवा व्हॉइड डेकमध्ये अर्धा-पाऊण तास थांबतो. सर तोवर ओसरते.

हाँगकाँगला पावसाचं अंगावर येणं मोठं आहे, म्हणून इशाऱ्यांची भाषा सगळ्यांना पाठ असते. तासाला ३० मिलिमीटरच्या वर गेला की पिवळा, ५० च्या वर लाल, ७० च्या वर काळा. ७ सप्टेंबर २०२३ च्या रात्री वेधशाळेत एका तासात १५८.१ मिलिमीटर नोंदला गेला, १८८४ पासूनच्या नोंदींमधला सर्वाधिक. वादळाचे आकडे निराळे: १, ३, ८, ९ आणि १०. मधले आकडे शोधत बसू नये, ते नाहीतच. खरा आकडा आठ. तो लावण्याआधी वेधशाळा साधारण दोन तास पूर्वसूचना देते, ऑफिसं आणि दुकानं आवरायला लागतात, आणि सगळं शहर एकाच वेळी घराकडे निघतं. चूक इथेच होते: 'आठ लागला की निघू' म्हणणारा फलाटावर तीन-चार गाड्या सोडून देत उभा राहतो. पूर्वसूचना आली की निघावं, किंवा सरळ आहे तिथेच मुक्काम करावा. काळ्या पावसात तर बाहेर पडूच नये. जिथे असाल तिथे थांबा, असाच सरकारी सल्ला असतो.

ये-जा दोन्हीकडे इतकी सुरळीत आहे की फार लिहिण्यासारखं नाही. चुकण्याच्या जागा तेवढ्या सांगतो. सरकत्या जिन्यावर सिंगापूरमध्ये डावीकडे उभं राहतात, हाँगकाँगमध्ये उजवीकडे. सिंगापूरच्या बसमध्ये चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा कार्ड लावायचं. उतरताना विसरलात तर शेवटच्या थांब्यापर्यंतचं भाडं कापलं जातं. हाँगकाँगच्या बसमध्ये बहुतेक वेळा चढतानाच, आणि दुमजली ट्राममध्ये उलटं: मागून चढायचं, पुढून उतरताना पैसे. ऑक्टोपस या तिथल्या प्रवासाच्या कार्डात पैसे थोडे कमी पडले तरी एकदा ते शून्याखाली जाऊ देतं, कारण पन्नास डॉलरची ठेव त्याच्याकडे असते. एकोणीस आसनांच्या मिनीबसमध्ये उभं राहायला परवानगी नाही, आसन नसेल तर बस थांबतच नाही. उतरायचं तर चालकाला ऐकू जाईल असं "याउ लोक" ओरडावं लागतं. लाजरा माणूस दोन थांबे पुढे जाऊन उतरतो.

रविवारी मात्र दोन्ही शहरांत एकच दृश्य दिसतं, आणि ते मला इथे लिहायलाच हवं. हाँगकाँगमध्ये तीन लाखांहून अधिक आणि सिंगापूरमध्ये तीन लाखांच्या आसपास परदेशी घरकामगार बायका आहेत, मुख्यतः फिलिपिन्स आणि इंडोनेशियाच्या. त्यांनी मालकाच्याच घरी राहायचं हा दोन्हीकडचा नियम. म्हणजे आठवड्याचे सहा दिवस त्या घरातली कुठलीच खुर्ची त्यांची नसते. रविवारी हाँगकाँगच्या सेंट्रल भागात चेटर रोड वाहनांना बंद होतो, आणि रस्त्यावर, पादचारी पुलांवर, बँकांच्या इमारतींखाली पुठ्ठे अंथरले जातात. खोक्यांच्या कडा उभ्या करून कमरेएवढ्या भिंती होतात. चपला बाहेर काढून आत बसायचं, डबे उघडायचे, एकमेकींचे केस विंचरायचे, घरी पाठवायच्या सामानाची खोकी बांधायची. सिंगापूरमध्ये हेच ऑर्चर्ड रोडच्या लकी प्लाझाच्या आसपास आणि बोटॅनिक गार्डनच्या हिरवळीवर. तिथे आठवड्याची सुट्टी २०१३ पासून कायद्यात आली, पण पैसे देऊन ती टाळता येत असे. महिन्यातली निदान एक सुट्टी पैशात बदलता येणार नाही हे ठरायला २०२३ उजाडलं. सगळं आधी ठरवणाऱ्या शहराने हे इतक्या उशिरा ठरवावं, याचं वाईट वाटतं.

हाँगकाँगचा निरोप घ्यायचा तर स्टार फेरीवरून घ्यावा. कौलून आणि हाँगकाँग बेटामधली ही सेवा १८८८ मध्ये कंपनी काढून नीट सुरू केली ती दोराबजी नवरोजी या पारशी गृहस्थांनी. दहाएक मिनिटांचा प्रवास, भाडं काही डॉलर. या बोटींना पुढचं-मागचं असं काही नाही. दोन्ही टोकांना सुकाणू आहे, त्यामुळे धक्क्याला लागल्यावर बोट वळवत नाहीत, तशीच उलट निघते. म्हणून बाकांच्या लाकडी पाठी मागेपुढे सरकणाऱ्या केल्या आहेत. बसायला आलेला माणूस पाठीला हाताने ढकलतो, ती खट्कन दुसऱ्या बाजूला पडते, आणि तो पाण्याकडे तोंड करून बसतो. शेजारचा जरा सरकतो.